विकरांच्या प्रयोगात वडवणीचे ऊन आणि बोअरचे पाणी

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत लाळेतील विकराचा प्रयोग ज्या पानावर असतो, त्या पानावर एक परीक्षानळी 'खोलीच्या तापमानास' ठेवावी असे बहुधा लिहिलेले असते; आणि ज्यांनी हे वाक्य प्रथम लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर २५ ते २७ अंश सेल्सिअसची, सावलीतली खोली असावी हे उघड आहे. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणीत मार्च सरत आला की पत्र्याखालच्या वर्गात दुपारी तापमापीचा पारा चाळिशीला भिडू लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो बाहेर मोकळ्यावरही चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी खोलीतली नळी आणि ३७ अंशांची नळी यांचे निकाल जवळजवळ सारखे येतात. विद्यार्थी गोंधळतो, आपले काही चुकले असे समजतो, आणि मागच्या वर्षीच्या वहीतले आकडे उतरवून मोकळा होतो. वस्तुतः त्याचा निकाल बरोबर असतो व उतरवलेला आकडा खोटा असतो. विकरांच्या क्रियेवर परिणाम करणाऱ्या घटकांचा अभ्यास करताना एका वेळी एकच घटक बदलावा आणि इतर सारे स्थिर ठेवावे, हा शिरस्ता सर्वांना पाठ असतो. परंतु कोणते घटक आपण न बोलावता प्रयोगात शिरतात हे ज्या त्या गावाच्या हवापाण्यावर अवलंबून असते, आणि वडवणी तालुक्यात असे दोन घटक प्रमुख आहेत, ऊन आणि बोअरचे कठीण पाणी. त्यांचा बंदोबस्त कसा करावा, हे प्रस्तुत लेखात विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी सांगावयाचे आहे.

विकर, ज्यास वर्गात आपण एंझाइम म्हणतो, ते बहुतेक सर्व प्रसंगी प्रथिन असते. ते रासायनिक क्रियेचा वेग अनेक पटींनी वाढविते आणि स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाही. १८३३ साली पायेन आणि पर्सो या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी अंकुरित जवाच्या अर्कातून पिष्टाची शर्करा करणारा पदार्थ वेगळा काढून त्यास डायस्टेज असे नाव दिले. आपल्या लाळेतील अमायलेज हे त्याच कुळातले. प्रथिनाची लांब साखळी एका विशिष्ट रीतीने दुमडलेली असते, त्या घडणीत एक पोकळी असते, आणि ज्या पदार्थावर क्रिया व्हावयाची तो, म्हणजे क्रियाधार, त्या पोकळीत येऊन बसला की क्रिया घडते. तापमान, सामू, विकराचे प्रमाण, क्रियाधाराचे प्रमाण, चेतक आणि निरोधक द्रव्ये हे जे घटक पुस्तकात ओळीने दिलेले असतात, ते सारे एक तर या घडणीवर तरी परिणाम करतात किंवा विकर आणि क्रियाधार यांची भेट किती वेळा होते त्यावर तरी. एवढे ध्यानात धरले म्हणजे पाठांतराची फारशी गरज उरत नाही.

वडवणीच्या वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. दसरा-दिवाळी उलटली की या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि तोडलेली मोळी शक्य तितक्या लवकर कारखान्याच्या गव्हाणीत पडली पाहिजे ही घाई त्यांतील प्रत्येकाने अनुभवलेली असते. या घाईमागे वजनातील घट हे एक कारण आहेच. परंतु दुसरे कारण असे की, उसातच असणारे इन्व्हर्टेज नावाचे विकर तोड झाल्यानंतर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विघटन करू लागते, त्या शर्करांची दाणेदार साखर बनत नाही, आणि साखरेचा उतारा खाली येतो. जिवाणूंचाही या नुकसानीत वाटा असतो. हंगामाच्या अखेरीस, ऊन वाढल्यावर, फडात पडून राहिलेल्या उसाची ही हानी थंडीतल्यापेक्षा झपाट्याने होते. तापमान वाढले की विकराचा वेग वाढतो या नियमाचा यापेक्षा रोकडा दाखला मला ठाऊक नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. १ ग्रॅम पिष्ट प्रथम थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहील असे कालवावे, मग ते उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ओतून एकूण १०० मिलिलिटर करावे आणि पूर्ण निवल्यावर वापरावे. उन्हाळ्यात हे द्रावण रात्रभर बाहेर राहिले तर त्यात जिवाणू वाढतात व तेही पिष्टाचे विघटन करू लागतात, म्हणून ते रोज ताजे करावे. लाळ घेण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने चूळ भरावी, काही मिनिटांनी १ मिलिलिटर लाळ घेऊन तीत ९ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळावे आणि गाळून घ्यावे. साऱ्या नळ्यांना एकाच व्यक्तीची लाळ वापरावी. कारण अमायलेज निर्माण करणाऱ्या जनुकाच्या प्रती निरनिराळ्या माणसांत कमीअधिक असतात आणि लाळेतील विकराचे प्रमाण माणसागणिक बदलते. ज्याची लाळ त्यानेच हाताळावी, नळीने तोंडाने ओढण्याची जुनी रीत सर्वथा सोडून द्यावी, आणि वापरलेली भांडी जंतुनाशकात बुडवून मगच धुवावी.

यानंतरची पायरी वह्यांतून सहसा गाळलेली असते, आणि माझ्या मते साऱ्या प्रयोगाचे यश तीवर अवलंबून आहे. मुख्य प्रयोगापूर्वी ३७ अंशांस एक चाचणी घ्यावी. ५ मिलिलिटर पिष्टद्रावणात १ मिलिलिटर विरल लाळ घालून दर ३० सेकंदांनी एक थेंब पांढऱ्या खळगीच्या टाइलवरील आयोडीनच्या थेंबात टाकावा. प्रथम गडद निळा, मग जांभळा, मग तांबूस तपकिरी असे रंग येत येत शेवटी आयोडीनचा मूळचा पिवळसर रंगच तेवढा उरतो. हा अखेरचा क्षण ४ ते ६ मिनिटांच्या दरम्यान यावा अशा बेताने लाळ आणखी विरल करावी. पहिल्या अर्ध्या मिनिटातच रंग नाहीसा झाला तर ३७ आणि ५० अंशांतील तफावत दिसणारच नाही. आणि अर्ध्या तासानेही निळा रंग राहिला तर तास संपून घंटा होईल व हाती काही लागणार नाही.

तापमानासाठी पाच भांडी लावावी: बर्फाचे, थंड पाण्याचे, ३७ अंशांचे, ५० अंशांचे आणि उकळत्या पाण्याचे. ज्या दुपारी खोलीच ३८ अंशांवर असेल त्या दुपारी दुसऱ्या भांड्यासाठी माठातले पाणी घ्यावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे माठाचे पाणी खोलीपेक्षा बरेच थंड राहते, आणि पुस्तकातल्या 'खोलीच्या तापमाना'च्या जवळपासचे भांडे त्यामुळे विनासायास मिळते. नेमका आकडा तापमापी बुडवून पाहावा आणि तोच लिहावा. विजेचा भरवसा नसेल तर विजेवरील जलपात्राऐवजी ४-५ लिटरचे पातेले घ्यावे; पाणी पुष्कळ असले म्हणजे ते हळूहळू निवते, आणि थर्मासमध्ये राखून ठेवलेले गरम पाणी अधूनमधून घालून ३७ अंश टिकविणे कठीण जात नाही. पिष्टाची नळी आणि लाळेची नळी वेगवेगळ्या ठेवून दोन्ही १० मिनिटे त्या त्या पाण्यात राहू द्याव्या, आणि त्यानंतरच त्या एकत्र कराव्या. अन्यथा बर्फातल्या नळीतली क्रिया पहिली काही मिनिटे खोलीच्या उष्णतेवरच चालते.

या ठिकाणी एक मोठा चकवा आहे. पिष्ट आणि आयोडीन यांचा निळा रंग उष्णतेने नाहीसा होतो व द्रावण निवल्यावर परत येतो. ज्या विद्यार्थ्याने घाईने गरम नळीतच आयोडीन टाकले त्यास पिष्ट संपले असा भास होतो आणि उकळत्या पाण्यातही विकर उत्तम चालते असा विलक्षण निष्कर्ष तो लिहितो. म्हणून थेंब टाइलवर काढून, निवू देऊन, मगच रंग वाचावा.

निकाल हाती आल्यावर बर्फातली आणि उकळत्या पाण्यातली अशा दोन्ही नळ्या निळ्याच राहिलेल्या दिसतील, आणि त्या पाहून बहुतेक जण दोन्ही ठिकाणी विकर 'नष्ट झाले' असे लिहितात. तेथेच न थांबता दोन्ही नळ्या ३७ अंशांच्या पाण्यात आणून ठेवाव्या. बर्फातली नळी थोड्या वेळात कामाला लागते. उकळलेली नळी कितीही थांबले तरी निळीच राहते. थंडीने रेणूंची हालचाल मंदावते, विकर आणि क्रियाधार यांची भेट विरळ होते, परंतु विकराची घडण शाबूत असते. उकळण्याने मात्र ती घडण विस्कटते आणि उकडलेल्या अंड्याचा बलक जसा पुन्हा पातळ होत नाही तशी ती पूर्वस्थितीवर येत नाही. परीक्षकाने तोंडी परीक्षेत तापमानाविषयी काहीही विचारले तरी त्याचे उत्तर या दोन नळ्यांत आहे.

सर्वसाधारणपणे तापमान १० अंशांनी वाढले की विकरक्रियेचा वेग सुमारे दीड ते दोन पट होतो, आणि एका मर्यादेनंतर तो कोसळतो. तथापि ही मर्यादा एखाद्या दगडी खांबासारखी ठाम मानू नये. ५० अंशांस ठेवलेले अमायलेज पहिली काही मिनिटे ३७ अंशांपेक्षाही वेगाने काम करताना आढळू शकते आणि वेळ जाईल तसे निकामी होत जाते; म्हणजे इष्टतम तापमान कोणते हे आपण किती मिनिटे निरीक्षण केले यावरही अवलंबून असते. असा निकाल आल्यास तो खोडू नये, मुदतीसह लिहावा.

सामूच्या प्रयोगात वडवणीचे पाणी आडवे येते. आपला प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे, आणि त्याच्या भेगांतून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट विरघळलेले असतात. किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर त्यांचाच. असे पाणी किंचित आम्लारिधर्मी असते, आणि त्यातील बायकार्बोनेट हे घातलेले आम्ल गिळून टाकते. त्यामुळे विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकून 'आम्लधर्मी नळी' तयार केली असे विद्यार्थ्यास वाटते, तेव्हा प्रत्यक्षात सामू फारसा हललेलाच नसतो. शिवाय या पाण्यातले क्लोराइड अमायलेजचे चेतक आहे आणि कॅल्शियम त्या विकराची घडण टिकवून धरते. म्हणजे केवळ पाणी बदलले तरी वेग बदलू शकतो. यास्तव साऱ्या द्रावणांसाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. ते प्रयोगशाळेत तयार होत नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात जे सीलबंद शुद्ध पाणी मिळते ते चालते. त्यात चिमूटभर मीठ घातलेली एक नळी आणि न घातलेली दुसरी अशी तुलना केली तर क्लोराइडचा परिणाम पाहण्याचा स्वतंत्र प्रयोगही साधतो. मात्र लाळेतही थोडे क्लोराइड असते, म्हणून लाळ पुष्कळ विरल केली तरच हा फरक नजरेत भरेल.

सामू स्थिर राखण्यासाठी बफर द्रावणे घ्यावी. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानांत बफरच्या गोळ्या मिळतात, ५, ६.८ आणि ८ एवढ्या तीन सामूंनी शालेय प्रयोगाचे काम भागते. लाळेतील अमायलेज ६.८ च्या आसपास सर्वांत चपळ असते, आणि आम्लाकडे किंवा आम्लारीकडे सरकले की मंदावते. सामू मोजण्याचे माप १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी दिले, तेही विकरांवरच काम करताना. पुढे तेच माप आपल्या शेतातल्या मातीच्या तपासणीच्या दाखल्यावर येऊन पोहोचले. येथेही एक चकवा सांगून ठेवतो: द्रावण बरेच आम्लारिधर्मी असेल तर आयोडीनच त्या आम्लारीशी क्रिया करून नाहीसे होते आणि पिष्ट असूनही निळा रंग येत नाही. अशा नळीतला थेंब तपासताना टाइलवर आधी विरल आम्लाचा एक थेंब टाकावा.

विकराच्या आणि क्रियाधाराच्या प्रमाणाविषयी थोडक्यात सांगता येते. क्रियाधार भरपूर असेल तर विकर दुप्पट केल्याने वेग दुप्पट होतो. विकर तेवढेच ठेवून क्रियाधार वाढवीत नेला तर वेग प्रथम वाढतो आणि मग, विकराचे सारे रेणू गुंतल्यामुळे, एका पातळीवर स्थिरावतो. १९१३ साली मिखाएलिस आणि मेंटेन यांनी हे नाते गणिताने मांडले. यांपैकी विकराच्या प्रमाणाचा परिणाम बटाटा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन घरीही पाहता येतो: औषधाच्या दुकानातले ३ टक्क्यांचे पेरॉक्साइड समान मापाने घेऊन त्यात कच्च्या बटाट्याच्या एक, दोन, तीन सारख्या चकत्या टाकाव्या आणि कॅटालेजच्या क्रियेने येणाऱ्या फेसाची उंची एका मिनिटाने मोजावी. पेरॉक्साइडची बाटली उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. ते आपोआप विघटन पावून निव्वळ पाणी उरते, आणि मग दोष बटाट्यास दिला जातो.

आईवडील ऊसतोडीस गेल्यामुळे आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, आणि काही वेळा त्यांच्याबरोबर कोपीवर जाऊन आल्यामुळे प्रात्यक्षिके बुडालेल्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी हा बटाट्याचा प्रयोग अवश्य करू द्यावा. त्या प्रयोगास तीन ग्लास, एक सुरी आणि एक घड्याळ यांपलीकडे फारसे काही लागत नाही. साहित्य साधे म्हणून विज्ञान हलके ठरत नाही. कमला भागवत, ज्या पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाल्या, त्यांनी केंब्रिज येथे बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असल्याचे दाखविले आणि १९३९ साली त्या विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. मुंबईस परतल्यावर विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांचा, म्हणजे आपल्या पचनसंस्थेतील ट्रिप्सिन या विकरास अडविणाऱ्या द्रव्यांचा, अभ्यास केला. डाळी नीट शिजवून का खाव्या, याचे एक कारण त्या अभ्यासाच्या विषयात आहे. ही निरोधके शिजवण्याच्या उष्णतेने बहुतांशी निकामी होतात.

निरोधकांचा प्रयोग करावयाचा तर वडवणीत सोयाबीनहून योग्य बी नाही. सोयाबीनमध्ये युरिएज हे विकर असते, जे युरियाचे विघटन करून अमोनिया बनविते. अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून हेच विकर १९२६ साली जेम्स समनर यांनी स्फटिकरूपात मिळविले आणि विकर हे प्रथिन असल्याचे सिद्ध केले, ज्याबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १ ग्रॅम कच्च्या सोयाबीनचे पीठ २५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १५ मिनिटे भिजवून गाळावे. दुसऱ्या नळीत २ टक्के युरियाचे द्रावण आणि फिनॉल रेड या दर्शकाचे दोन थेंब घ्यावे. प्रयोगशाळेचा युरिया नसेल आणि खताच्या पोत्यातला घेतला तर तो निंबोळी तेलाचे लेपन असलेला असतो, म्हणून द्रावण गाळून वापरावे. दोन्ही एकत्र करताच पिवळा रंग हळूहळू गुलाबी होऊ लागतो, आणि त्यास लागणारा वेळ हेच आपले माप. उकळलेल्या अर्काने रंग बदलत नाही. ताज्या अर्कात मोरचुदाच्या अतिविरल द्रावणाचे थेंब आधी घातले तर तांब्यामुळे युरिएज अडते व रंग फार उशिरा येतो किंवा येतच नाही. पशुखाद्यासाठी सोयापेंड पुरेशी भाजली गेली आहे किंवा नाही हे कारखान्यांत युरिएजच्या तपासणीनेच ठरवितात, कारण युरिएज निकामी झाले असेल तर ट्रिप्सिनरोधकही झाले असावे असे त्यावरून मानता येते. मातीतही युरिएज असते. ओलसर, तापलेल्या जमिनीवर उघड्यावर फेकलेल्या युरियाचा काही भाग त्यामुळेच अमोनिया होऊन हवेत जातो, आणि खत मातीआड करावे हा कृषी खात्याचा सल्ला या विकरावरच आधारलेला आहे.

मात्र सोयाबीनच्या या प्रयोगाने सामूचा परिणाम पाहू नये. येथे रंग बदलतो तोच मुळी सामू वाढल्यामुळे. त्यात बफर घातला तर बफर ती वाढ रोखून धरील आणि विकर मंद झाले असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सामूसाठी लाळ, तापमानासाठी लाळ किंवा सोयाबीन, निरोधकासाठी सोयाबीन आणि प्रमाणासाठी बटाटा, अशी वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते.

वही लिहिताना प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर तारीख, वेळ, खोलीचे मोजलेले तापमान, पाणी कोठले आणि लाळ किती पट विरल केली हे पाच तपशील द्यावे. प्रत्येक प्रयोगात विकर उकळून घातलेली एक नळी आणि विकराऐवजी निव्वळ पाणी घातलेली एक नळी तुलनेसाठी असावी. आलेख काढताना लागलेला वेळ तसाच न मांडता १ भागिले वेळ ही संख्या मांडावी, म्हणजे वेग वाढला की रेषा वर जाते. जी नळी शेवटपर्यंत निळी राहिली तिचा वेग शून्य धरावा. प्रत्येक वाचन किमान तीनदा घेऊन सरासरी काढावी, आणि तीन वाचनांत मोठी तफावत असेल तर तीही लपवू नये.

वडवणी, तेलगाव, सिरसाळा या परिसरातील विज्ञानशिक्षकांना एक विनंती आहे. या प्रयोगाच्या वह्या परीक्षेनंतर रद्दीत जातात आणि पुढील वर्षीचा वर्ग पुन्हा छापील आकड्यांपासून सुरुवात करतो. प्रयोगशाळेच्या दप्तरी एक जाड नोंदवही ठेवावी, तीत दरवर्षी प्रत्येक तुकडीने आपल्या खोलीचे तापमान, आपल्या पाण्याचा सामू आणि ३७ अंशांस रंग जाण्यास लागलेला वेळ लिहून खाली तारीख टाकावी, आणि नव्या विद्यार्थ्यास पहिल्या तासाला ती वही वाचावयास द्यावी.